माणिक लाल, पाचू हिरवा, आणि दोन्हीकडे क्रोमियमच

माणिक लाल कशामुळे? क्रोमियममुळे. पाचू हिरवा कशामुळे? तोही क्रोमियममुळेच. खनिजांच्या रंगांबद्दल वाचायला घेतलं की पहिली ठेच इथेच लागते, आणि ही एक गाठ सुटली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

रंगांचे तक्ते तुम्हीही पाहिले असतील. लोह म्हणजे लाल, तांबं म्हणजे हिरवं-निळं, मँगनीज म्हणजे गुलाबी, कोबाल्ट म्हणजे निळं. हे तक्ते खोटे नाहीत, पण अर्धवट आहेत. त्यावरून असं वाटतं की प्रत्येक मूलद्रव्याचा एक ठरलेला रंग असतो आणि ते जिथे जाईल तिथे तो फासून येतं. तसं नसतं. मूलद्रव्याने स्वतःचे किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत, खनिजात त्याला जागा कुठे मिळाली आहे, शेजारी कोण आहेत आणि ते किती खेटून बसले आहेत, या सगळ्यावर रंग ठरतो. नुसतं नाव सांगून भागत नाही.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. पांढऱ्या प्रकाशात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या सगळ्या तरंगलांबी असतात, जांभळ्यापासून लाल रंगापर्यंत. खनिज त्यातला काही प्रकाश गिळतं, आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. आपण पाहतो तो हा उरलेला प्रकाश. गिळण्याचं काम इलेक्ट्रॉन करतात: प्रकाशाची ऊर्जा घेऊन ते वरच्या पातळीवर चढतात. पण ही ऊर्जा नेमकी तेवढीच लागते. कमी असली तर चालत नाही आणि उरलेली परत देऊन भागवताही येत नाही.

सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या खनिजांत ही वरची पातळी फार उंचावर असते. घराला सरळ दुसरा मजलाच असावा आणि दृश्य प्रकाशाची शिडी तिथवर पोचू नये, असा प्रकार. त्यामुळे प्रकाश आरपार जातो. शुद्ध क्वार्ट्झ, शुद्ध कॅल्साइट, मीठ हे सगळे म्हणूनच बिनरंगी. पृथ्वीचं कवच ऑक्सिजन सोडला तर मुख्यतः याच मंडळींचं बनलेलं आहे. लोह आणि त्याचे काही सोबती नसते तर जवळजवळ सगळे दगड पांढरे किंवा पाण्यासारखे दिसले असते.

हे सोबती आवर्तसारणीत एका ओळीत बसलेले सापडतात: टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं. यांच्या घरात पोटमाळा असतो. या अणूंच्या बाहेरच्या भागात इलेक्ट्रॉनसाठी पाच जागा असतात (एकेका जागेत दोन मावतात) आणि त्या पुरत्या भरलेल्या नसतात. अणू एकटा असेल तर पाचही जागा सारख्याच उंचीवर असतात. खनिजात मात्र त्याच्याभोवती ऑक्सिजनचे अणू असतात, बहुधा सहा. पाचांपैकी काही जागा थेट ऑक्सिजनच्या तोंडावर येतात, काही दोन ऑक्सिजनच्या मधल्या फटीकडे असतात. ऑक्सिजनकडे ऋण भार असतो आणि इलेक्ट्रॉनकडेही ऋण भार, म्हणून तोंडावरच्या जागा चढ्या होतात आणि फटीकडच्या खाली राहतात. मधलं अंतर नेमकं दृश्य प्रकाशाला झेपेल एवढं असतं. मग हिरव्या किंवा पिवळ्या प्रकाशाचा कण येतो आणि इलेक्ट्रॉनला पोटमाळ्यावर चढवून स्वतः संपतो. तेवढा रंग प्रकाशातून वजा होतो.

त्याच ओळीत तांब्यानंतर जस्त येतं. त्याच्या पाचही जागा गच्च भरलेल्या असतात, उडी मारायला रिकामी जागाच नाही. म्हणून जस्ताची शुद्ध कार्बोनेट खनिजं बिनरंगी असतात.

पोटमाळा किती उंच, हे शेजारी ठरवतात. ऑक्सिजन खेटून बसले तर तो उंच जातो, सैल बसले तर खाली येतो. माणिक आणि पाचू यांचं कोडं इथे सुटतं. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, कोरंडम. शुद्ध असेल तर ते काचेसारखं दिसतं. त्यातल्या शंभरातल्या एखाद्या ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसला की झालं. क्रोमियमचा अणू ॲल्युमिनियमपेक्षा थोडा मोठा आहे, तो त्या अरुंद जागेत कोंबून बसतो, आणि ऑक्सिजनचा दाब जोरदार पडतो. माणिक ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश आणि ४१० च्या आसपासचा जांभळा प्रकाश गिळतं. उरतो लाल, आणि थोडासा निळा.

पाचूमध्ये क्रोमियम बेरिल नावाच्या खनिजात बसतो. तिथेही ॲल्युमिनियमचीच जागा, तिथेही सहाच ऑक्सिजन. पण त्या ऑक्सिजनची बांधिलकी बेरिलियम आणि सिलिकॉन यांच्याशीही असते, म्हणून क्रोमियमवरचा त्यांचा जोर थोडा कमी पडतो. पोटमाळा जरा खाली येतो आणि गिळायचा प्रकाश सरकून ६०० नॅनोमीटरच्या आसपास जातो. आता नारिंगी-लाल भाग खाल्ला जातो आणि हिरव्याची खिडकी उघडी राहते. तरंगलांबीतला फरक जेमतेम पन्नास नॅनोमीटरचा, पण त्याने एक रत्न सूर्याला वाहिलं जातं आणि दुसरं बुधाला!

या दोघांच्या मध्ये अलेक्झांड्राइट बसतो. रशियातल्या उरल पर्वतात १८३० च्या दशकात तो सापडला. त्यातही क्रोमियमच, पण दाब माणिक आणि पाचू यांच्या मधला. त्यामुळे लाल आणि हिरव्याच्या दोन्ही खिडक्या जवळजवळ सारख्या उघड्या राहतात. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग जास्त असतो म्हणून तो हिरवट दिसतो, आणि मेणबत्तीच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात लालसर. दगड काहीच करत नाही, दिवा बदलतो.

माणकाची आणखी एक लकब आहे. गिळलेल्या ऊर्जेचा काही भाग ते ६९४ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या रूपाने परत देतं. म्यानमारमधल्या मोगोकच्या माणकांत लोह कमी असतं, म्हणून ती आतून पेटल्यासारखी वाटतात. लोह जास्त असेल तर ही चमक विझते. १९६० साली थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर चालवला तो कृत्रिम माणकाच्या कांडीतून, आणि वापरला तो हाच ६९४ चा प्रकाश.

शेजारी बदलला की रंग बदलतो हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मोरचूद घ्या. नाशिककडचे द्राक्षबागायतदार आणि कोकण-गोव्यातले सुपारीवाले चुन्यात मिसळून त्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात ते सहज मिळतं. हे कॉपर सल्फेट. गडद निळे खडे असतात. चिमूटभर मोरचूद जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून खालून मंद आच द्या (विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, उघड्यावर करा). कडेने निळा रंग फिका पडायला लागतो, खडा तडकतो, भुगा होतो आणि शेवटी राखाडी-पांढरी पूड उरते. तांबं कुठेही गेलेलं नाही, गेलंय ते पाणी. मोरचुदात प्रत्येक तांब्याच्या अणूला चार पाण्याचे रेणू चिकटून असतात. ते निघून गेले की तांब्याभोवती फक्त सल्फेटचे ऑक्सिजन उरतात, त्यांचा दाब कमी असतो, आणि गिळला जाणारा प्रकाश दृश्य पट्ट्यातून घसरून अवरक्तात जातो. म्हणजे आपल्या डोळ्यांपुरतं काही गिळलंच जात नाही. गार झाल्यावर पाण्याचा एक थेंब टाका, निळाई लगेच परत येते.

आता आपल्या दख्खनकडे येऊ, कारण इथे एक अस्सल स्थानिक उदाहरण आहे आणि त्याचा आपल्याकडे म्हणावा तेवढा गवगवा नाही. आता पुण्याचं उपनगरच झालेल्या वाघोलीत खडीसाठी बेसॉल्ट फोडणाऱ्या खाणी आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे गरम पाणी फिरलं आणि आत पांढऱ्या स्टिल्बाइटचे, अपोफिलाइटचे स्फटिक वाढले. वाघोलीच्या काही पोकळ्यांत या पांढऱ्या थरावर मध्येच गर्द निळे गोळे बसलेले दिसतात. भिंगाखाली धरले तर बारीक सुया एका केंद्रातून चहूबाजूंनी फुटलेल्या असतात. हा कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांचं हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, आणि १९७३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन झालं. पण जगभरच्या संग्रहालयांतले देखणे नमुने पाहाल तर लेबलवर वाघोली, पुणे असंच असतं.

हा निळा व्हॅनेडियमचा. चार इलेक्ट्रॉन गमावलेला, पोटमाळ्याच्या खेळासाठी एकच इलेक्ट्रॉन हाताशी असलेला, आणि एका ऑक्सिजनला फारच घट्ट धरून बसलेला. गंमत अशी की पुण्याच्या आसपास हिरवा अपोफिलाइटही सापडतो, आणि त्याचा वर्णपट १९७४ मध्ये अभ्यासला गेला तेव्हा त्यातही असाच व्हॅनेडियम निघाला. एकाच परिसरातला बेसॉल्ट, एकच मूलद्रव्य, गमावलेले इलेक्ट्रॉनही तेवढेच. घर बदललं तर निळ्याचा हिरवा.

व्हॅनेडियम याबाबतीत अगदीच बहुरूपी आहे. १८०१ साली मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ यांनी तो शोधला तेव्हा त्याच्या क्षारांचे इतके रंग पाहून ते चक्रावले होते. पुढे हा शोध नाकारला गेला, आणि १८३० मध्ये स्वीडनमध्ये सेफस्ट्रॉम यांनी तोच पुन्हा लावला. पाण्यातल्या द्रावणात पाच इलेक्ट्रॉन गमावलेला व्हॅनेडियम पिवळा, चार गमावलेला निळा, तीन गमावलेला हिरवा आणि दोन गमावलेला जांभळा. त्याचं शिशाबरोबरचं खनिज, व्हॅनेडिनाइट, चक्क लाल-नारिंगी असतं.

पण जगाचा खरा रंगारी लोहच. क्रोमियम, व्हॅनेडियम हे हौशी पाहुणे. लोह सगळीकडे असतं. कोकणातल्या एखाद्या चिरेखाणीत ताजा कापलेला जांभा जवळून पाहा. दुरून तो सरसकट तांबडा वाटतो, पण जवळून त्यात विटकरी भाग, हळदीसारखे पिवळे पट्टे, पांढऱ्या मातीचे डाग, कुठे जांभळट छटा आणि मधूनमधून काळे ठिपके असतात. पांढरी माती म्हणजे केओलिन, लोह धुऊन गेल्यावर उरलेली. काळे ठिपके बहुधा मँगनीजचे. विटकरी म्हणजे हेमॅटाइट, पिवळा म्हणजे गोएथाइट. दोघांतही लोहाने तीनच इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, फरक इतकाच की गोएथाइटच्या रचनेत हायड्रोजनही आहे. हेमॅटाइटमध्ये लोहाचे अणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की ते जोडीजोडीने प्रकाश गिळतात आणि जांभळ्यापासून हिरव्यापर्यंत सगळं फस्त करतात. उरतो लाल. गोएथाइटची भूक हिरव्याआधी संपते, म्हणून पिवळा-तपकिरी.

म्हणजे पिवळी माती तापवली, तिच्यातला हायड्रोजन पाण्याच्या रूपाने घालवला, की लाल व्हायला हवी. होतेच. तीनशे अंशांच्या आसपास पिवळ्या मातीचा गेरू होतो. भट्टीत वीट लाल होते ती याच वाटेने. खंबायतचे कारागीर हडप्पा काळापासून हेच करत आले आहेत: रतनपूरचा पिवळट-तपकिरी अकीक मडक्यात घालून शेकतात आणि त्याचा लालबुंद मणी होतो. अकीक स्वतः बिनरंगी सिलिका, रंग त्यात विखुरलेल्या लोहाच्या धुळीचा. त्याच भट्टीत हवा कोंडून धूर केला तर लोहाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि भांडं काळं निघतं. कुंभाराला हे रसायनशास्त्राच्या आधी ठाऊक होतं.

लोहाने दोन इलेक्ट्रॉन गमावले असतील तर रंग वेगळ्या दिशेला जातो. पेरिडॉट त्यामुळे पोपटी-हिरवा. आणि एकाच खनिजात दोन गमावलेला आणि तीन गमावलेला असे दोन्ही लोह शेजारी बसले तर? मग इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारतो आणि त्यासाठी लाल प्रकाश खर्च होतो. बेसॉल्टच्या पोकळ्यांच्या कडेला जो मऊ, निळसर-हिरवा थर दिसतो तो सेलाडोनाइट असा बनतो.

अजिंठ्याच्या चित्रांतल्या रंगांची तपासणी झाली तेव्हा हीच यादी समोर आली. लाल म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, हिरवा म्हणजे हिरवी माती, अर्थात सेलाडोनाइटच्या जातीचं खनिज. तिन्ही लोहाचे, तिन्ही आसपासच्या डोंगरांत मिळणारे. काळा काजळीचा. निळा मात्र इथे मिळेना. तो राजावर्ताचा, लॅपिस लाझुलीचा, आणि त्याची जुनी प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. पाचव्या शतकात एवढा लांबचा दगड वाघूर नदीच्या घळीपर्यंत पोचत होता, हे मला त्या चित्रांइतकंच थक्क करणारं वाटतं.

आणि राजावर्ताची खरी मजा पुढे आहे. त्याच्या निळ्या रंगाला कोणताही धातू लागत नाही. तो गंधकाचा आहे. त्याच्या स्फटिकात पिंजऱ्यांसारख्या पोकळ्या असतात, त्यांत तीन-तीन गंधक अणूंचे गट अडकलेले असतात आणि प्रत्येक गटाकडे एक जादा इलेक्ट्रॉन असतो. हा गट पिवळा-नारिंगी प्रकाश गिळतो. सुटा गंधक पिवळा, पिंजऱ्यात कोंडला की असा निळा. कपड्यांना घालायची जुनी पावडरची नीळ म्हणजे बऱ्याचदा याच पदार्थाचं कारखान्यात बनवलेलं रूप. त्यावर आम्ल टाकलं तर पिंजरा मोडतो, निळा रंग उडतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. वासावरून गंधकाची साक्ष पटते.

मँगनीजचं सांगायचं तर थोडक्यात. ऱ्होडोक्रोसाइट नावाच्या खनिजाच्या वजनात जवळजवळ निम्मा मँगनीज असतो, आणि तरी ते नुसतं गुलाबी. माणिक एक टक्का क्रोमियमवर रक्तासारखं लाल होतं, मग इथे एवढी कंजुषी का? दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या मँगनीजच्या पाचही जागांवर एकेक इलेक्ट्रॉन बसलेला असतो, सगळ्यांची फिरकी (स्पिन) एकाच दिशेची. उडी मारायची तर फिरकी उलटी करावी लागते, आणि निसर्गात अशा उड्यांना जवळजवळ मज्जाव आहे. क्वचित एखादी घडते. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघणारा मँगनीज ऑक्साइड मात्र काळाकुट्ट, कारण तिथे मँगनीजने चार इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत आणि अणूही दाटीवाटीने बसले आहेत.

नीलम हे जोडगोळीचं काम आहे. त्याच कोरंडममध्ये नुसतं टायटॅनियम गेलं तर रंग येत नाही, नुसतं लोह गेलं तर फिकट पिवळा येतो. दोघं शेजारी शेजारी बसले की लोहाचा इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे जातो, पिवळा आणि लाल प्रकाश गिळला जातो, आणि गर्द निळा उरतो. ही उडी इतकी जोमदार असते की टक्क्याच्या काही शतांश भागाएवढे अणूसुद्धा पुरतात. १८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात दरड कोसळून उघडे पडलेले प्रसिद्ध नीलम याच जोडीचे.

जांभळ्या ॲमेथिस्टमध्ये पुन्हा लोहच, पण त्याला किरणोत्साराची मदत लागते. आसपासच्या खडकांतून येणारे गॅमा किरण लाखो वर्षं क्वार्ट्झवर पडत राहतात आणि आतल्या लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन उडवून लावतात. साडेचारशे अंशांच्या आसपास तापवलं की तो इलेक्ट्रॉन परत येतो आणि जांभळ्याचा पिवळा होतो. बाजारात सिट्रिन म्हणून विकला जाणारा बराचसा पिवळा क्वार्ट्झ असा भाजलेला ॲमेथिस्ट असतो. ॲमेथिस्ट महिनोन्‌महिने कडक उन्हात ठेवला तरी फिका पडतो, म्हणून देवघराच्या खिडकीत ठेवू नका.

एवढं सगळं वाचून दगड ओळखायला निघालात तर एक सांगतो: वरच्या रंगावर भरवसा ठेवू नका, कस पाहा. चिनी मातीच्या पांढऱ्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगड त्यावर घासा. आरशासारखा चमकणारा काळा हेमॅटाइट घासला की टाइलवर गेरूची लाल रेघ उमटते. अगदी तसाच दिसणारा मॅग्नेटाइट काळी रेघ देतो. सोन्यासारख्या पायराइटची रेघ हिरवट-काळी येते. ज्या खनिजात रंग देणारं मूलद्रव्य घटक म्हणूनच असतं, जसं गेरूत लोह किंवा मॅलाकाइटमध्ये तांबं, त्याची पूडही रंगीत असते. जिथे ते मूठभर पाहुणे म्हणून आलेलं असतं तिथे पूड केली की रंग जातो. म्हणून चित्रकाराला गेरू चालतो आणि ॲमेथिस्ट वाटून काही उपयोग नसतो, पांढरी पूडच मिळते. माणिक आणि नीलम मात्र या परीक्षेला बसवू नका. ते टाइलपेक्षा कितीतरी कठीण असतात. रेघ उमटण्याऐवजी टाइललाच ओरखडा पडेल.